वाळूवरची वई

मुलांनो, तुमच्या गावाला नदी असेल तर ती डोळ्यांसमोर आणा. नसेल तर मी देतो ती घ्या. पैनगंगा. फाल्गुन महिना. पाणी एका काठाला जाऊन चिकटलंय आणि उरलेलं सगळं पात्र म्हणजे वाळू. तिच्यावरून अनवाणी चाला. सकाळी गार लागते, दुपारी तळपाय टेकवत नाही. आता पुढचं पाऊल टाकण्याआधी थांबा आणि खाली बघा. नीट बघा. वाळूच्याच रंगाची, तपकिरी ठिपक्यांची अंडी तिथं उघड्यावर पडली आहेत. काडी नाही, कापूस नाही, घरटं नाही. तुम्ही थांबला नसतात तर फुटली असती.

आणखी एक कल्पना करा. तुम्ही सहावीत शिकणारी मुलगी आहात आणि ह्या वाळूवरच तुमच्या घरचं शेत आहे.

त्या मुलीचं नाव चंद्रभागा. घरात चंद्री. बापाचं नाव खुशाल, मायचं मनकर्णा. आदिलाबाद जिल्ह्यात, बेला गावाच्या पुढं, नदीला लागून त्यांचं गाव. या काठाला तेव्हा आंध्र प्रदेश होता आणि पलीकडच्या काठाला महाराष्ट्र. खुशालच्या नावावर जमीन नव्हती. त्याचं शेत दिवाळीनंतर पाणी ओसरलं की वर यायचं आणि पावसाळ्यातल्या पुरात वाहून जायचं. वाळूत गुडघाभर खड्डा करायचा, त्यात शेणखत टाकायचं, त्यात बी लावायचं. टरबूज, काकडी, दुधी. अशा शेताला वाडी म्हणतात. गावातली बरीच घरं नदीत वाडी करायची.

ह्या वाड्यांचा कागद कुठल्याच कचेरीत नव्हता, पण कायदा होता. पाणी ओसरलं की सगळे वाडीवाले वाळूत जमायचे. डोमाजी नावाचा म्हातारा पळसाच्या पानांवर काट्यानं खुणा करायचा, एखादं लहान पोर डोळे झाकून पान उचलायचं, आणि ज्याला जो वाटा आला त्यानं तिथं बाभळीच्या काट्या आणून रोवायच्या. त्या काट्यांच्या कुंपणाला वई म्हणतात. जिथं ज्याची वई तिथं त्याचा हंगाम. कोणी कोणाची काटी हलवायची नाही आणि कोणी आपल्या वाट्याबाहेर काटी टाकायची नाही. वाड्यांच्या खालच्या अंगाला वाळूचा एक पट्टा मात्र मोकळा सोडलेला असायचा. तो कोणाचाच नव्हता. गावची गुरं त्यातून पाण्यावर उतरायची.

त्या साली पांढऱ्या पाखरांनी नेमकी त्या पट्ट्यात अंडी घातली.

चंद्रीचा दिवस उजाडण्याआधी सुरू व्हायचा. खुशाल कावडीनं पाणी आणायचा. दोन्ही टोकांना डबे, मध्ये खांदा. खांद्यावर कातडं जाड होऊन गाठ आली होती, तिच्यावर तो जुन्या धोतराची घडी ठेवायचा. मनकर्णा एकेका वेलाच्या बुडाशी तांब्यानं पाणी सोडायची. तिच्या टाचांच्या भेगांत वाळू जाऊन बसायची आणि रात्री ती दाभणाच्या टोकानं काढत बसायची. चंद्रीचं काम फळांखाली गवताची चुंबळ ठेवायचं, म्हणजे तापल्या वाळूनं टरबूज बुडाशी भाजत नाही. एवढं करून ती शाळेत जायची.

शाळेत सुधाकरराव नावाचे गुरुजी होते. मुलं त्यांना सर म्हणायची. गावातल्या बौद्धवाड्यातून शिकून मास्तर झालेले ते पहिले. रविवारी आदिलाबादेहून त्यांचे दोन मित्र यायचे आणि तिघं मिळून नदीकाठानं पक्षी मोजत हिंडायचे. गळ्यात दुर्बीण, पिशवीत भाकरी. हे काम त्यांना कोणी सांगितलं नव्हतं आणि त्याचं कोणी काही देतही नव्हतं. एका शनिवारी सरांनी दुर्बीण वर्गात आणली. रांगेनं एकेकाला खिडकीतून नदीकडं बघू दिलं. चंद्रीनं पाहिलं. पिवळी चोच, डोक्यावर काळी टोपी, दुभंगलेली लांब शेपटी. रोज डोक्यावरून ओरडत जाणारं पाखरू एकदम इतकं जवळ आलं की तिनं हात पुढं केला. पोरं हसली.

"ह्याला नदी सुरय म्हणतात," सर म्हणाले. "उघड्या वाळूवर अंडी घालते. म्हणून कमी होत चाललीय."

"सर, अंडे कोन फोडते?"

"कुत्री फोडतात. गुरांच्या पायाखाली जातात. आणि..." सरांनी दाराकडं पाहिलं. "आणि ट्रॅक्टरखाली."

"मंग जपायचं कसं?"

"तिथं कोणी पाय ठेवणार नाही असं काही तरी करायचं."

"असं म्हंजे कसं?"

"ते तू शोध," सर हसून म्हणाले. "तुमचं घर तर नदीतच असतं."

चंद्रीनं शोधायला वेळ लावला नाही. जिथं कोणी पाय ठेवू नये तिथं काय करायचं हे तिच्या घरात एकाच रीतीनं ठाऊक होतं.

घरी येऊन तिनं बापाच्या मागं लकडा लावला. खुशाल आधी नाही म्हणाला. "पट्टा गुराईचा हाय. तिथं काटी टाकता येत नाई."

"बाबा, गुरंच तुडवतेत अंडे. सरनं सांगतलं."

"सरले काय जाते सांगाले."

"पिल्लं उडाले का काढून टाकू," मनकर्णा म्हणाली. "पोरगी इतकं म्हन्ते तं. गाव का खाऊन टाकते आपल्याले?"

मग खुशालनं बाभळी तोडल्या, मनकर्णानं दोरानं ओढत आणल्या, आणि रविवारी उजाडताना तिघांनी पट्ट्यात अंड्यांभोवती वई घातली. पाखरं डोक्याशी झडप घालून किंचाळत होती. एक तर मनकर्णाच्या पदरावर शिटून गेलं. चंद्रीच्या तळहातात काटा मोडला. ती तो दातानं काढत होती आणि हसत होती.

ऊन वर आलं आणि वाडीवाले जमले. पहिली आली बयनाबाई. तिची वाडी शेजारची. तिनं कमरेवर हात ठेवून वईकडं पाहिलं, मग खुशालकडं.

"काऊन खुशालभाऊ, वाटा पुरला नाई का? का पोरगीच्या नावानं येगळा घेतला?"

"नाई ओ बाई, हे पाखराईसाठी..."

"पाखराईसाठी! माह्या बैलाईले आता उडत पान्यावर जा लागते म्हन."

माणसं वाढली, आवाज वाढले. कोणी म्हणालं, पान न काढता काटी टाकली. कोणी म्हणालं, आज पट्टा, उद्या डोह. खुशाल मान खाली घालून उभा राहिला. शेवटी डोमाजी काठी टेकत आला. त्याची नजर अधू झालेली. तो वईची एक काटी बाजूला करून आत शिरला.

"आजा, पाय!" चंद्री ओरडली.

म्हातारा एका पायावर तसाच थांबला, बगळ्यासारखा. पायाखाली वीतभर अंतरावर तीन अंडी होती. त्यानं वाकून, डोळे बारीक करून पाहिलं. मग दुसरी, मग पलीकडची.

"आरं, हे तं सारं पेरल्यावानी हाय," तो म्हणाला.

बयनाबाईनं वाकून पाहिलं आणि तिला हसू आलं. "पुढच्या साली पाखराईलेबी पान उचलाले बोलवा, डोमाजीबुवा!"

डोमाजीनं तिथंच न्याय केला. वई एका अंगानं कापायची, गुरांना वाट द्यायची. पिल्लं उडाली की काटी काढायची. खुशालनं विचारल्याशिवाय काटी टाकली म्हणून सगळ्यांना एकेक टरबूज कापून खाऊ घालायचं. खुशालनं फळं कापली. सगळ्यांनी वाळूत बसून खाल्ली आणि बिया थुंकत घरी गेले. वाडीवाल्यांचं भांडण वाडीवाल्यांत मिटलं.

पण नदीत वाडीवाले एकटे नव्हते.

गावातले बडे जमीनदार उद्धवराव, त्यांचे ट्रॅक्टर नदीतून रेती काढायचे. परवानगी कुठली होती, होती का नव्हती, हे गावात कोणी विचारत नसे. त्यांची वाट त्याच पट्ट्यातून जायची. सोमवारी ट्रॅक्टर काट्यांपाशी येऊन थांबला. गुरांपुरती ठेवलेली वाट ट्रॉलीला पुरेना. ड्रायव्हरनं फोन केला, आणि थोड्या वेळानं उद्धवराव मोटारसायकलवर आले. ते खाली उतरले नाहीत. गाडी चालूच ठेवली.

"कोनाची वई हाय रे?"

"माही हाय, मालक," खुशाल म्हणाला. "पाखराईचे अंडे हायत. थोडं वरून फिरवा ना ट्रॅक्टर. तिकूनबी वाट हाय."

"आता नदीत तू मले वाट दाखवशील?"

उद्धवरावांनी खुशालच्या वाडीवरून नजर फिरवली. फळं भरली होती, हिरव्या रेघा उन्हात चमकत होत्या. "बरं पीक हाय," एवढं म्हणून ते गेले. ट्रॅक्टर मागं फिरला. चंद्रीला वाटलं, आपण जिंकलो. ती मायला मिठी मारायला धावली, आणि मायनं तिला दूर ढकललं. "गप," ती म्हणाली. तिला उद्धवरावांचा आवाज कळला होता.

बुधवारी गिरदावराची जीप वाळूच्या कडेला येऊन उभी राहिली. गिरदावर म्हणजे जमिनीची पाहणी करणारा महसुलातला साहेब. मागून मोटारसायकलवर उद्धवराव. साहेबांनी आधी तेलुगूत विचारलं, "एवरिदी इदी?" खुशाल नुसता बघत राहिला, तेव्हा हिंदीत आले. "किसका कब्जा है ये?"

"कब्जा नाई साहेब. वाडी हाय. आमी दरसाल..."

"सरकारी नदी में कंपाउंड डाला तूने?"

"वो चिड़िया के वास्ते..."

"और ये?" साहेबांनी बोट वाडीच्या वईकडं केलं. "ये भी चिड़िया के वास्ते?"

सगळ्या नदीत वाडीवाडीला वई होती. बयनाबाईच्या वाडीला होती, डोमाजीच्या वाडीला होती. वई नसेल तर डुकरं एका रात्रीत वाडी संपवतात. पण साहेबांचं बोट एकाच वाडीकडं होतं. डोमाजी पुढं आला, हात जोडून म्हणाला, "साहेब, आमचा बापबी हितंच वाडी करत होता."

"तेरी भी नापूं क्या?"

म्हातारा मागं सरला. बयनाबाईनं पदर तोंडाशी धरला. तीन दिवसांपूर्वी घसा ताणून भांडणाऱ्या माणसांतलं एकही माणूस बोललं नाही.

मग साहेब वाडीत शिरले. वेलांवर बूट पडत होते. त्यांनी एका टरबुजावर बोटानं टिचकी मारून ऐकलं, दुसऱ्यावर मारली. ज्याचा आवाज चांगला आला ते बुटानंच दाखवलं. "ये रख दे गाड़ी में. वो भी. ए लड़की, उठा." चंद्रीनं बापाकडं पाहिलं. बापानं मान हलवली. तिनं ते फळ पोटाशी धरून उचललं. तिच्या वजनाच्या मानानं ते फार मोठं होतं. गरम वाळूतून ती जीपपर्यंत गेली, परत आली, पुन्हा गेली. उद्धवराव म्हणाले, "जपून ने पोरी, फुटंल." आणि हसले.

"किसने बोला था काटे डालने को?" साहेबांनी विचारलं.

"सरनं सांगतलं," खुशाल म्हणाला. त्याच्या आवाजात पहिल्यांदाच थोडा जोर आला. "सुधाकर सर. बोलवा त्याईले. थे सांगतीन सारं."

सर शाळेतून चालत आले. बोटांना खडू तसाच होता. चंद्री धावत जाऊन त्यांच्याजवळ उभी राहिली. सरांनी वई पाहिली, आतली पाखरं पाहिली. त्यांचा चेहरा क्षणभर उजळला. एवढी अंडी एका जागी त्यांनी कुठल्याच रविवारी पाहिली नव्हती.

"सुधाकर," उद्धवराव म्हणाले. गावात सरांना नुसत्या नावानं हाक मारणारा तो एकटाच माणूस होता. "तुझा बाप आमच्याकडं सालावर होता, तवा वई घालाचं काम त्याच्याकडंच होतं. बरी घालत होता. पन इचारून घालत होता."

सरांचे कान लाल झाले. गिरदावर म्हणाले, "आप सरकारी मास्टर हो न? सरकारी ज़मीन पर कंपाउंड डलवाया आपने? शिक्षा विभाग के एम.ई.ओ. साहब को मालूम है ये सब?"

मुलांनो, इथं मी तुम्हाला विचारणार नाही की सरांच्या जागी तुम्ही काय केलं असतं. सरांनी काय केलं तेच सांगतो. त्यांनी बोटांचा खडू पँटला पुसला.

"मी कुंपण घालायला सांगितलं नाही, साहेब," ते म्हणाले. "मी फक्त पक्षी मोजतो."

चंद्री सरांपासून एक पाऊल बाजूला झाली. फक्त एकच.

"सोमवार तक खाली करो. पूरा," साहेब म्हणाले. "बेल-वेल सब. नहीं तो केस."

जीप गेली. सर शाळेकडं परत गेले. त्याच संध्याकाळी ट्रॅक्टर आला आणि थांबला नाही. काट्या चाकांखाली कडकडून मोडल्या. पाखरं एकदम उडाली आणि ट्रॅक्टरवर घिरट्या घालत ओरडत राहिली. ट्रॉली गेल्यावर चंद्री तिथं गेली. चाकाच्या रुंद चऱ्यांत वाळू पिवळी, चिकट झाली होती. एका अंगाला काही अंडी शाबूत होती. तिनं त्यांना हात लावला नाही. ती परत आली तेव्हा माय वेलांना पाणी घालत होती.

"माय, सोमवारी उपटायचे हायत ना हे? मंग पानी काऊन घालून राह्यली?"

"आज तहान लागली त्याईले," मनकर्णा म्हणाली. "सोमवारचं थे का समजतेत?"

तिनं तांब्या पुढच्या बुडाशी नेला. खुशाल कावड घेऊन पाण्याकडं निघाला होता. त्याच्या खांद्यावरची घडी पडली, ती उचलायला तो थांबला नाही.

रात्री जेवताना मनकर्णा म्हणाली, "सरकडं एक डाव जा ना. साहेबापुढं नाई बोलले, आपल्यापुढं तं बोलतीन. अर्ज-बिर्ज लिहून देतीन."

"जाऊन काय मागू?" खुशाल म्हणाला. "त्याईचीबी नोकरी हाय." त्यानं भाकरीचा तुकडा ताटात आपटला. "पाखरं मोजते म्हन्ते! पाखरं मोजाले येतेत, माणसं नाई येत?"

चंद्री ताटाकडं बघत होती.

रविवार आला. त्या रविवारी नदीवर पक्षी मोजायला कोणी गेलं नाही, कारण शाळेत पक्षी वाचवण्याचा कार्यक्रम होता. दोन खांबांमध्ये कापडी फलक बांधला होता, त्याच्यावर नदी सुरयचं चित्र. आदिलाबादेहून सरांचे मित्र आले होते, मुलांना वाटायला निळ्या टोप्या आणल्या होत्या. चहा आणि चिवडा उद्धवरावांकडून होता. म्हणून ते पुढच्या खुर्चीवर होते, गळ्यात हार. त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर सर. खुशाल आणि मनकर्णा आले नव्हते. बयनाबाई आणि डोमाजी दाराशी उभे होते.

आदिलाबादचे पाहुणे चांगलं बोलले. पक्षी गेले तर नदी जाईल म्हणाले. उद्धवराव मान डोलवत होते. मग पाहुण्यांनी विचारलं, "ह्या शाळेतल्या कोणी पक्ष्यांसाठी काही केलंय का?" पोरं एकदम ओरडली, "चंद्रीनं! चंद्रीनं केलं!" सरांनी डोळे खाली केले.

"कुठंय ती? या, पुढं या."

चंद्री वर्गात नव्हती. पोरं माना वळवून शोधू लागली. तेवढ्यात ती दारातून आत आली. पाय ओले होते, पायांना वाळू चिकटली होती. फ्रॉकच्या घेरात मूठ दाबलेली. टाळ्या वाजल्या. ती बाकांच्या मधून सरळ पुढं गेली. पाहुण्यांनी टोपी पुढं केली. तिनं ती घेतली नाही. ती सरांसमोर जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "सर, हात."

सरांनी नकळत हात पुढं केला. तिनं तळहातावर एक किल्ली ठेवली. किल्लीला लाल दोरा होता.

"हे ट्रॅक्टरची किल्ली हाय," ती म्हणाली. आवाज मोठा नव्हता, पण वर्ग गप्प झाल्यामुळं मागच्या भिंतीपर्यंत गेला. "ड्रायव्हर डोहावर आंघोळीले गेला. मी काढून आनली. ट्रॅक्टर अंड्याईवर उभा हाय. उद्या आमची वाडी उपटाची हाय. तुमी मोजता ना, सर? चला, मोजाले."

पाहुणे सरांकडं बघू लागले. दाराशी डोमाजीची काठी वाजली. तो आत सरकला होता. उद्धवराव उठले. गळ्यातला हार त्यांनी काढून खुर्चीवर टाकला आणि हात पुढं केला.

"सुधाकर, दे इकडं ते."

सरांचा तळहात उघडाच होता. किल्ली त्यावर तशीच पडली होती. हात ना मिटत होता, ना पुढं जात होता. त्यांनी उद्धवरावांच्या हाताकडं पाहिलं. मग चंद्रीकडं पाहिलं, आणि मग तिच्याकडं बघणं त्यांना जमेना.

तेव्हा चंद्री एक पाऊल जवळ गेली. तिनं आपल्या दोन्ही हातांनी सरांची बोटं एकेक करून किल्लीवर मिटवली, अंगठा वरून दाबला, आणि ती मूठ धरून उभी राहिली.